सेवेचे घर आणि महिन्याचा पगार

२२ डिसेंबर २०१४. नाताळ अवघा तीन दिवसांवर आला होता. व्हॅटिकनच्या राजवाड्यातील क्लेमेंटाईन सभागृहात कार्डिनल आणि पोपच्या कारभारातील इतर वरिष्ठ अधिकारी जमले होते. दरवर्षीप्रमाणे पोप चार शब्द बोलतील, सणाच्या शुभेच्छा देतील आणि सगळे आपापल्या कामाला लागतील, अशीच अपेक्षा होती. पण पोप फ्रान्सिस बोलू लागले आणि सभागृह गंभीर झाले. कारभाराला जडू शकणाऱ्या पंधरा रोगांची यादीच त्यांनी वाचून दाखवली.

आपल्यावाचून काही चालणारच नाही असे समजणे, हा पहिला रोग. विश्रांती न घेता सतत कामात बुडून राहणे, हा दुसरा. पुढे एका विभागाचा दुसऱ्याशी मेळ नसणे, मानासाठी चढाओढ, पाठीमागे निंदानालस्ती, बढतीच्या आशेने वरिष्ठांची हांजी हांजी, सहकाऱ्याच्या अडचणीचे सोयरसुतक नसणे, आपापले कंपू करून राहणे आणि हाताखालच्या माणसांशी वागताना चेहरा कायम सुतकी ठेवणे. निंदेची तुलना तर त्यांनी दहशतवादाशी केली. भाषण संपल्यावर टाळ्या बेताच्याच पडल्या.

ही यादी वाचताना ज्याला स्वतःचे कार्यालय आठवणार नाही, असा नोकरदार विरळाच! देवाच्या नावाने चालणारे असो की व्यापाराच्या, कार्यालय शेवटी माणसांचेच असते.

पण त्या दिवसाची खरी गोष्ट पुढेच आहे. त्याच दिवशी पोप दुसऱ्या एका मोठ्या सभागृहात गेले. तिथे व्हॅटिकनचे साधे कर्मचारी आपल्या बायकामुलांना घेऊन आले होते. त्यांच्यासमोर पोपनी रोगांची यादी वाचली नाही. त्यांनी या माणसांचे आभार मानले आणि आपल्या स्वतःच्या व सहकाऱ्यांच्या उणिवांबद्दल, तसेच झालेल्या गैरप्रकारांबद्दल त्यांची क्षमा मागितली. साहेबांना कानपिचक्या आणि शिपायांपुढे क्षमायाचना! बहुतेक कचेऱ्यांत याच्या नेमके उलट घडते.

देवाच्या दारची नोकरी

व्हॅटिकन म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते धर्मगुरू. पण अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही लहान असलेल्या या राज्यात आणि पोपच्या कार्यालयांत मिळून चार हजारांहून अधिक माणसे नोकरी करतात. त्यांत माळी आहेत, सुतार आहेत, पोस्टातले कारकून, औषधाच्या दुकानातले विक्रेते, आग विझवणारे जवान आणि संग्रहालयाचे पहारेकरीही आहेत. त्यांतील बहुतेक जण संसारी. रोज सकाळी शहरातून कामावर येणारे आणि संध्याकाळी घरी परतणारे. 'व्हॅटिकनमध्ये किती लोक काम करतात?' असे कुणीतरी विचारले तेव्हा पोप तेविसावे जॉन 'साधारण निम्मे' असे उत्तरले, हा किस्सा तिथे अजून हसत हसत सांगितला जातो.

अशा नोकरीचा मान मोठा असतो. पण तिची एक अडचणही असते. कारखान्यात मजुराने पगारवाढ मागितली तर मालक फार तर नाही म्हणतो. सेवेच्या संस्थेत मात्र मागणाराच मनातून खजील होतो. 'देवाचे काम करतोस आणि पैशाचे बोलतोस?' असे कोणी उघड म्हणावे लागत नाही. ते हवेतच असते. शिवाय साहेब हाच धर्मगुरू असला, तर त्याची चूक दाखवणे म्हणजे धर्मालाच बोट लावणे, असे वाटू लागते. मग माणसे समोर गप्प बसतात आणि पाठीमागे बोलतात. निंदानालस्ती हा रोग खरा, पण तो बहुधा अशा कोंडलेल्या जागीच वाढतो.

शिकवण जगाला आणि घराला

विशेष म्हणजे कामगारांच्या बाजूने बोलण्यात या चर्चने उशीर केलेला नाही. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी 'रेरम नोव्हारम' हे परिपत्रक काढले. मजुराला पोटापुरते न्याय्य वेतन मिळाले पाहिजे आणि त्याला संघटना करण्याचा हक्क आहे, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. १९८२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी खास व्हॅटिकनच्या नोकरवर्गाविषयी पत्र लिहिले. १९८९ पासून तिथे श्रमविषयक कार्यालयही सुरू झाले. सामान्य कर्मचाऱ्यांची एक संघटनाही आहे, मात्र बाहेरच्या कामगार संघटनांसारखे बळ तिला नाही.

तरीही २०२४ च्या वसंतात व्हॅटिकन संग्रहालयातील ४९ कर्मचाऱ्यांना वकिलामार्फत अर्ज करावा लागला. जादा कामाचा मोबदला नेहमीच्या दरापेक्षा कमी मिळतो, कामाच्या जागी सुरक्षिततेची पुरेशी काळजी घेतली जात नाही, करोनाच्या काळात संग्रहालय बंद होते तेव्हा न भरलेल्या तासांची भरपाई आमच्याकडून मागितली जाते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात खुद्द पोपनी पत्र लिहून निवृत्तिवेतनाच्या निधीत मोठी तूट असल्याचे कळवले. म्हातारपणाचा आधार डळमळला, की काळजी पगारदाराच्या घरातील प्रत्येकाला लागते.

आणखी एक प्रसंग तर एखाद्या चित्रपटात शोभावा असा. व्हॅटिकनच्या बँकेत सुमारे शंभर माणसे काम करतात. आपल्या दोन कर्मचाऱ्यांनी एकमेकांशी लग्न केल्यास तीस दिवसांत एकाने नोकरी सोडावी, असा नियम बँकेने २०२४ मध्ये लागू केला. घराणेशाहीचा संशयही नको, असा त्यामागचा हेतू. बँकेच्या पूर्वीच्या घोटाळ्यांकडे पाहता तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. पण त्याच वर्षी तिथल्या एका जोडप्याने लग्न केले. दोघांपैकी कोणीच राजीनामा दिला नाही आणि ऑक्टोबरात दोघांचीही नोकरी गेली. आपल्याला खेद होतो असे बँकेने म्हटले, पण निर्णय तेव्हा बदलला नाही. विवाहाला पवित्र संस्कार मानणाऱ्या चर्चच्याच दारात हे घडले, म्हणून त्याची चर्चा जगभर झाली.

आधी स्वतःपासून

मग पोपच्या त्या भाषणाचा उपयोग काय झाला? काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०२१ मध्ये उत्पन्न घटले, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी कार्डिनलांच्या पगारात दहा टक्के आणि विभागप्रमुखांच्या पगारात आठ टक्के कपात केली. खालच्या पायरीवरच्या कामगारांचा पगार कापला नाही. २०१७ मध्ये कर्मचाऱ्यांशी बोलताना त्यांनी असुरक्षित, बेभरवशाच्या नोकऱ्यांबद्दल आपल्या मनाला टोचणी लागल्याचे सांगितले होते. जगाला न्यायाची शिकवण द्यायची आणि घरात वेगळे वागायचे, हे चालणार नाही, असा त्यांचा आशय होता.

पण वरच्या माणसाचे मन मोठे असून भागत नाही. ते मधल्या पायऱ्यांवरून खाली झिरपावे लागते. कामगाराची गाठ रोज पोपशी पडत नाही, विभागातल्या साहेबाशी पडते. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर आलेल्या पोपनी कामगारांच्या कैवारी तेराव्या लिओंची आठवण ठेवून चौदावे लिओ हे नाव घेतले. मे महिन्यात कर्मचाऱ्यांना भेटले तेव्हा ते म्हणाले, पोप येतात आणि जातात, कारभार मात्र राहतो. हा कर्मचाऱ्यांचा गौरव होता. पण याच वाक्यात एक इशाराही दडलेला आहे. जो राहतो तो बदलला नाही, तर नाव बदलून काय होणार?

आपल्याकडेही कितीतरी घरांतील माणसे शाळा, इस्पितळे, देवस्थाने आणि आश्रम चालवणाऱ्या संस्थांत राबतात. 'संस्था म्हणजे एक कुटुंब' हे वाक्य त्यांनी अनेकदा ऐकलेले असते. ते खरे आहे की नाही, हे वार्षिक समारंभाच्या भाषणात कळत नाही. जादा काम केलेल्या रात्रीचा हिशेब झाला का, चूक दाखवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कसे वागवले गेले आणि घरी आजारपण आले तेव्हा कोणी विचारपूस केली का, यावरून ते कळते.

डिसेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस आपल्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना अखेरचे नाताळनिमित्त भेटले. काही अडचण असेल तर वरिष्ठांना सांगा, संवादाने मार्ग काढू, ओरडूनही नको आणि गप्प राहूनही नको, असे त्यांनी तेव्हा सांगितले. कर्मचाऱ्याला दिलेला हा सल्ला चांगलाच आहे. मात्र बोलणाऱ्याचे धैर्य टिकते ते ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. तो चेहरा सुतकी असला, तर सेवेच्या घरातही माणूस मुकाट्याने पगार घेतो आणि आपले दुःख घरी घेऊन जातो.