गोधडीच्या वर्गात शिष्टाचार कोणाचा?

प्रौढ स्त्रियांच्या शिवणवर्गांत, आणि विशेषतः गोधडीच्या प्रशिक्षणवर्गांत, भिंतीवर एक कागद चिकटवलेला असतो. वेळेवर यावे. मोबाईल बंद ठेवावा. आपापसांत बोलू नये. लहान मुलांना सोबत आणू नये. मध्येच प्रश्न विचारू नयेत. दाखवले असेल तसेच शिवावे. गैरहजर राहिल्यास प्रमाणपत्र मिळणार नाही. शब्द इकडेतिकडे होतात, आशय बदलत नाही. आणि वर मथळा असतो ‘शिष्टाचार’. शिकणारीने कसे वागावे हे सांगणारे असे कागद आम्ही आमच्या जिल्ह्यात पुष्कळ पाहिले. शिकवणारीने कसे वागावे हे सांगणारा एकही पाहिला नाही.

हा एकतर्फी शिष्टाचार आम्हांला मान्य नाही. ज्या वर्गात शिकणाऱ्या बाया चाळिशी-पन्नाशीच्या आहेत, ज्यांनी घरातल्या लहानथोरांना आपल्या हाताने शिवलेले पांघरूण पुरवले आहे, त्या वर्गात मर्यादा पाळण्याची पहिली जबाबदारी शिकवणारीवर येते, असे आमचे स्पष्ट मत आहे. आम्ही मराठीचे अध्यापक. सुईदोऱ्यात आम्ही कशाला नाक खुपसावे, असे कोणी म्हणेल. पण वर्गात कोण कोणाला कशी हाक मारते, कोणाच्या जाणतेपणाला ‘ज्ञान’ म्हटले जाते आणि कोणाची बोली हसण्यावारी नेली जाते, हे प्रश्न भाषेचेच आहेत. प्रौढांच्या वर्गाचा बरेवाईटपणा बहुतांशी तिथेच ठरतो.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. आठ तालुके, धानाच्या बांध्या, तलाव आणि जंगल. इथल्या घरांत गोधडी ही छंदाची वस्तू कधीच नव्हती. जुनी लुगडी, धोतरे, विरलेल्या चादरी एकावर एक अंथरायच्या, धावदोऱ्याने सांधायच्या आणि थंडीत पांघरायच्या. हे काम शिकवायला कोणी वर्ग भरवला नव्हता. आईच्या, सासूच्या शेजारी बसून ते हाताला लागले. मग या बाया वर्गात येतात कशासाठी? बाजाराला लागणारे ठरावीक माप, नव्या कापडाची रंगसंगती, न उसवणारी सफाईदार कड, एका गोधडीमागचे श्रमाचे तास मोजून किंमत लावणे, गिऱ्हाइकाशी बोलणे, हे सारे त्यांना हवे असते. ते प्रशिक्षिकेकडे असते आणि ते मोलाचे आहे. परंतु टाका घालायला शिकवण्यासाठी कोणीही त्यांच्याकडे जाण्याची गरज नाही. म्हणजे या वर्गात एक जाणती आणि वीस अजाण असे चित्रच नसते. एका प्रकारचे जाणणारी आणि दुसऱ्या प्रकारचे जाणणाऱ्या, अशा दोन बाजू समोरासमोर बसलेल्या असतात. भिंतीवरच्या कागदाला हे ठाऊक नसते.

एक उदाहरण घेऊ. टाके कोठून सुरू करावेत? परदेशी पुस्तकांतून किंवा इंटरनेटवरच्या चित्रफितींतून ‘क्विल्टिंग’ शिकलेली प्रशिक्षिका सांगते, मध्यापासून सुरू करा आणि कडेकडे जा. खेड्यातली बाई हाताच्या सवयीने कडेपासून सुरू करते आणि आत आत येते. अशा वेळी ‘चूक आहे, उसवा’ हा शब्द वर्गात चटकन उच्चारला जातो. वस्तुतः दोन्ही रीतींना कारण आहे. दोन कापडांच्या मध्ये फुगीर भरण असेल, तर मध्यापासून टाके घालत गेल्याने सैलपणा कडेला सरकतो आणि मधोमध चुण्या पडत नाहीत. जुन्या साड्यांचे सपाट थर जमिनीवर ताणून अंथरले असतील, तर कड आधी दुमडून पक्की करून आत येणे सोयीचे. वेगळी पट्टी लावण्याची गरजही मग उरत नाही. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांच्या गोधड्या अशाच कडेपासून सुरू होऊन फिरत फिरत मध्याशी येतात, आणि त्यांची वाखाणणी देशोदेशींच्या कलाप्रेमींनी केली आहे. ‘चूक’ म्हणण्यापूर्वी ‘तुम्ही असे का करता?’ एवढे विचारणे हा शिकवणारीचा पहिला शिष्टाचार होय. ज्या बाईला हा प्रश्न विचारला जातो, ती दुसरी रीतही मोकळ्या मनाने शिकते. जिचा टाका वीस जणींदेखत उसवला जातो, ती दुसऱ्या दिवशी येते ती प्रमाणपत्रापुरती.

आता सर्वनामाकडे वळू. शहरातल्या शुल्क घेणाऱ्या हौशी वर्गात तीच प्रशिक्षिका तिशीतल्या मुलीला ‘मॅडम, तुमचा दोरा जरा सैल पडतोय’ असे सांगते. आणि गावातल्या मोफत वर्गात आईच्या वयाच्या बाईला ‘ए मावशी, तुला कळतंय का?’ असे विचारते. ‘तू’ हे मराठीत जिव्हाळ्याचेही सर्वनाम आहे; आईला आणि देवालाही आपण ‘तू’च म्हणतो, असा बचाव यावर केला जातो. तो खरा असता तर त्या बाईलाही प्रशिक्षिकेला ‘तू’ म्हणता आले असते. तिने ‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचे आणि उलट ‘तू’ ऐकायचे, यात जिव्हाळा कोठला? शुल्काच्या पावतीवरून सर्वनाम ठरत असेल, तर त्याला शिष्टाचार म्हणू नये, दुकानदारी म्हणावे.

बोलीचेही तसेच. हा झाडीपट्टीचा मुलूख. इथे झाडीबोली बोलली जाते, पोवारी बोलली जाते, सालेकसा-देवरीकडे गोंडी आणि छत्तीसगडी कानी पडते, आणि बालाघाटकडून सुना म्हणून आलेल्या कित्येकींची बोलण्याची भाषा हिंदी आहे. अशा वर्गात टाक्याला, घडीला, ठिगळाला चार-चार नावे निघणारच. ती फळ्यावर लिहून घेतली तर एक लहानसा कोश तयार होईल. प्रत्यक्षात ‘शुद्ध बोला’ असे बजावले जाते आणि बाया बोलणेच थांबवतात. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. सीमेवरच्या आमच्या जिल्ह्यात हे दोन्ही अर्थ एकाच खोलीत नांदतात. त्यांतला कोणता अर्थ खरा ठरवायचा, हे शिकवणारीच्या हाती असते.

हजेरीच्या नियमाबद्दल तर अधिकच बोलले पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते. तेव्हा बाई पहाटेपासून चिखलात वाकलेली असते. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने असतात. दिवाळीनंतर कापणीची घाई आणि गावोगावची मंडई, घरात पाहुणे. हे पंचांग जिल्ह्यात सर्वांना पाठ आहे. तरीही रोवणीच्या ऐन दिवसांत वर्ग ठेवायचा आणि गैरहजेरीला ‘बेशिस्त’ म्हणायचे, ही बेशिस्त नेमकी कोणाची? प्रौढ माणसाच्या दिवसाला किंमत असते, हे सरकारी योजनेलाही मान्य करावे लागले आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांत शिंप्याचा समावेश आहे आणि प्राथमिक प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन ठेवले आहे. मजुरी बुडवून शिकायला येणारीला तिच्या बुडालेल्या दिवसाचे भान ठेवून वागवावे, हे तत्त्व त्यात आहे. जिथे विद्यावेतन नाही, तिथे निदान वेळ तरी तिला विचारून ठरवावी.

याहून अवघड एक गोष्ट आहे. तिच्याविषयी भिंतीवरचा कागद मूग गिळून बसतो. गोधडी जुन्या, अंगावर वापरलेल्या कापडाची असते. वर्गात कापड एकत्र जमा केले की कोणाचे लुगडे कोणाच्या गोधडीत जाणार, अशी कुजबुज सुरू होते, आणि ती कुजबुज कशाची असते हे सांगायला नको. काही जणी आपले तुकडे वेगळे बांधून ठेवतात. काही जणी कोणाशेजारी बसायचे हे आडनावावरून ठरवतात. प्रशिक्षिका हे पाहते आणि वाद नको म्हणून गप्प राहते. मोबाईल वाजला तर बोलायचे आणि इथे मात्र गप्प बसायचे, असा शिष्टाचार काय कामाचा? तुकड्यांचा ढीग एकच असेल आणि बसण्याची जागा रोज बदलेल, एवढे तिने पहिल्या दिवशी ठामपणे सांगितले तर अर्धे काम होते.

दुसरी गोष्ट श्रेयाची. वर्गात एखादीच्या हातून सुंदर रचना उतरते. प्रशिक्षिका तिचे छायाचित्र घेते, आणि पुढल्या गावी ती रचना ‘आमचा नमुना’ म्हणून दाखवली जाते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या, जुन्या कामाच्या कपड्यांपासून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. प्रत्येक गोधडीखाली शिवणारीचे नाव होते. तरीही पैसा आणि हक्क यांवरून २००७ मध्ये काही जणींना न्यायालयात जावे लागले. ते दावे पुढच्या वर्षी मिटले. नाव असूनही वाद टळला नाही, तर नावच नसल्यास काय होईल? छायाचित्र विचारून घ्यावे आणि खाली शिवणारीचे नाव लिहावे, याला खर्च काही नाही.

आम्ही शिकणाऱ्यांची वकिली आंधळेपणाने करतो असे कोणी समजू नये. त्यांच्याकडूनही अपेक्षा आहेत. प्रशिक्षिका बहुधा तुटपुंज्या मानधनावर एसटीने येते. येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवावे. शेजारणीचे काम न विचारता हातात घेऊन उसवू नये. दुसरीची रचना उचलून स्वतःची म्हणून विकू नये. लहान मुले खोलीत असतील तर उठण्यापूर्वी सुया मोजून ठेवाव्यात. हा नियम आम्ही सर्वांत वर लिहू. आणि ‘आमच्याकडे असे नसते’ या वाक्याने नवे शिकण्याचे दार लावून घेऊ नये. जाणतेपणाचा मान मागणाऱ्याने समोरच्या जाणतेपणाला मान दिलाच पाहिजे.

‘हे सारे ठीक आहे, पण धाक नसेल तर बाया गप्पाच मारत बसतात,’ हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे. गोधडी ही पूर्वापार गप्पा मारतच शिवली गेली. हात चालू असताना तोंड चालणे हा या कामाचा स्वभाव आहे, दोष नव्हे. आणि धाकावाचून प्रौढ शिकत नाहीत, हे विदर्भाने तरी म्हणू नये. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा अंगावर चिंध्यांची गोधडी पांघरून गावोगाव हिंडले. लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रौढांचा केवढा मोठा वर्ग! त्यात ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तर श्रोत्यांकडूनच काढून घेत आणि मग पुढे जात. कर्ज, नवस, पशुबळी, दारू यांसारखे अवघड विषय त्यांनी अक्षरशत्रू माणसांपुढे मांडले ते असे.

‘शिष्ट’ आणि ‘शिष्य’ हे शब्द एकाच धातूतून आले आहेत. बोलीत मात्र ‘शिष्ट’ म्हणजे ताठ्याने वागणारा असा अर्थ रूढ झाला. तो रूढ होण्यास शिकवणाऱ्यांचा हातभार कमी नसावा. आयोजकांना आमची सूचना साधी आहे. भिंतीवरचा कागद काढू नका. त्याच्या शेजारी दुसरा लावा. प्रत्येकीला ‘तुम्ही’ म्हणावे. उसवण्याआधी कारण विचारावे. कोणाच्याही बोलीला हसू नये. वेळ हंगाम पाहून ठरवावी. तुकड्यांचा ढीग एकच ठेवावा. शिवणारीचे नाव लिहावे. आणि या दुसऱ्या कागदावर प्रशिक्षिकेची सही पहिल्या दिवशी, सर्व जणींसमोर घ्यावी. त्यानंतर पहिल्या कागदावर त्यांच्या सह्या मागायला हरकत नाही.