माइल्स जपावेत की उडवावेत?

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला यायला निघालं. जेटचं मुख्यालय अंधेरीत होतं. मरोळ, सहार, चकाल्यातल्या कितीतरी घरांची चूल त्या पगारावर पेटत होती. त्या आठवड्यात कर्मचारी विचारत होते, थकलेला पगार कधी मिळणार? आणि प्रवासी विचारत होते, आमच्या जेपीमाइल्सचं, म्हणजे प्रवासावर जमणाऱ्या पॉइंटांचं काय?

माइल्स वाचले. ते सांभाळणारी जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी होती आणि तिच्यात ५०.१ टक्के वाटा अबुधाबीच्या एतिहादचा होता. त्याच वर्षी तिचं नाव इंटरमाइल्स झालं. जेटला मात्र सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी अवसायनात काढलं. ज्यांच्या कष्टांवर ती विमानं उडत होती त्यांची देणी लोंबकळली, हे मला आजही टोचतं. प्रवाशाच्या हाती माइल्स उरले, पण ज्या विमानात बसायचं म्हणून ते जमवले, ते विमानच उरलं नाही.

त्याच नोव्हेंबरात विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले. तिचंच नाव आता महाराजा क्लब. इथे कोणाचं काही बुडालं नाही. उलट एअर इंडिया स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटात असल्याने परदेशी कंपन्यांची दारंही उघडली. पण खातं कुठे असावं, हे खातेदाराने ठरवलं नव्हतं.

तरी या योजनांना सरसकट फसवणूक म्हणणं मला पटत नाही. मुलुंडच्या आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा कामासाठी दर सोमवारी पहाटेचं बंगळूरचं विमान पकडतो. चार वाजता खाली रिक्षा उभी असते, काकू डबा हातात देतात. तिकीट कंपनीचं, पॉइंट त्याचे. त्या पॉइंटांवर काकू लेकीकडे दिल्लीला जाऊन आल्या; कर आणि शुल्क तेवढं रोख भरावं लागलं. पहाटेच्या मोडलेल्या झोपांतून आईचा प्रवास निघाला, हे थोडं नाही.

पण जो वर्षातून दोनदाच उडतो, त्याने पॉइंटांसाठी हजार रुपये जास्त मोजून ठरावीक कंपनीचंच तिकीट काढणं तोट्याचं आहे. त्याच्यासाठी वेळ आणि विमानतळ आधी. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. नवी मुंबईकराला तिकडे जाणं सोयीचं, बोरिवलीकराला सहारचा विमानतळच बरा. उपनगरातला माणूस आधी घरापासूनचं अंतर बघतो, कंपनी मागाहून.

कंपन्यांची बाजूही खोटी नाही. न वापरलेले पॉइंट त्यांच्या हिशेबात देणं म्हणून पडून असतात. इंधन आणि भाडी बदलतात, तेव्हा आजचा दर पाच वर्षांनी तसाच द्या म्हणणं अन्यायाचं होईल. पण २०२० मध्ये, कोविडने विमानं जमिनीवर आणली तेव्हा, अमेरिकेतल्या युनायटेड आणि डेल्टाने आपल्या अशाच योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलर उभे केले. जी वस्तू सावकाराकडे तारण चालते, ती प्रवाशाच्या हातात येताच नुसती मेहेरबानी कशी होते?

म्हणून माझा कौल असा. वारंवार उडणाऱ्याने माइल्स जरूर जमवावेत, पण साठवू नयेत. नजरेसमोर एक प्रवास ठेवावा, पुरेसे झाले की लगेच तिकीट काढावं. मुलीच्या लग्नासाठी किंवा निवृत्तीनंतरच्या सहलीसाठी म्हणून ते राखून ठेवू नयेत, त्यावर व्याज चढत नाही. आणि विमान वाहतूक खात्याने एक साधा नियम करावा: पॉइंटांचा दर उतरवायचा किंवा मुदत कमी करायची, तर सहा महिने आधी प्रत्येक खातेदाराला कळवायचं आणि तोवर जुन्याच दराने तिकीट द्यायचं. दर बदलायची मोकळीक कंपनीकडे राहील, आणि काकूंच्या मुलाला आईचं पुढचं तिकीट काढायला वेळ मिळेल.