सही कुणाच्या खणात?

परवा माझा धाकटा मावसभाऊ नव्या घराचा मंजुरीला द्यायचा नकाशा दाखवायला घेऊन आला. कोपऱ्यात इंजिनिअरचा नेहमीचा गोल शिक्का नव्हता. छोट्या चौकोनात नाव, तारीख आणि वेळ. ती वेळ वाचून मी चमकलो. त्या दुपारी इंजिनिअरसाहेब लग्नात माझ्याच पंगतीला होते!

“ऑफिसातल्या पोरानं केली सही,” भाऊ म्हणाला. “टोकन खणातच असतंय दादा, पासवर्ड त्याला ठाऊक आहे. गॅलरी दीड फूट पुढे घ्यायची होती, त्यानंच रेघ सरकवून दिली.”

रबरी शिक्काही पूर्वी खणातच लोळत असे आणि पोरेच तो मारीत. पण त्याखाली सही साहेबांनाच करावी लागे. (सही आणि मुद्रा हे शब्द आपल्या घरात मराठी-कन्नड दोन्हीकडचे, मुद्रेची तेवढी ‘मुद्रे’ होते.) आता दोन्ही त्या पेनड्राइव्हएवढ्या टोकनात आली. सहीचा फोटो पीडीएफवर चिकटवणे म्हणजे डिजिटल सही नव्हे. खऱ्या डिजिटल सहीत नंतर एक रेघ हलली तरी पडताळणीत ती बाद दिसते. नकाशा असा राखला जातो. पण किल्ली कुणी फिरवली, हे यंत्राला कळत नाही.

ते कायद्याने माणसावर सोपवले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४२ सांगते की, ही खाजगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याची त्याने घ्यायची. ती इतरांच्या हाती पडली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला लगेच कळवायचे, आणि कळवेपर्यंत जबाबदारी त्याचीच. अमेरिकेत इंजिनिअर-आर्किटेक्टना परवाने राज्याराज्यांची मंडळे देतात. त्यांतल्या अनेकांच्या नियमांतही इलेक्ट्रॉनिक सही फक्त त्या व्यक्तीच्याच ताब्यात हवी, अशी अट आहे. शिवाय स्वतः केलेल्या किंवा थेट देखरेखीखाली झालेल्या कामावरच ती करायची.

भावाला हे सारे पाल्हाळ वाटले. “मंजुरी मिळाली की झालं!” पण त्या गॅलरीत उद्या मावशी तुळशीला पाणी घालणार, नातवंडे उड्या मारणार. मी तिथूनच साहेबांना फोन लावला. पलीकडे क्षणभर शांतता. संध्याकाळी ते स्वतः आले, नकाशा पसरून बसले. बाहेर आलेल्या गॅलरीच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला लागतात. दीड फूट वाढल्यावर त्यांचा हिशेब पुन्हा मांडावा लागला. गॅलरी राहिली, सळ्या वाढल्या, नकाशावर नवी सही झाली.

टोकन त्यांनी खिशातून काढले, एवढे मी पाहिले.