दर्याचा कायदा दर्यावर्दींविना

१८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि चार दशकांची मागणी फळाला आली. पक्षकारांची मुंबईची पायपीट वाचली, याचा आनंद सर्वांनाच झाला आणि तो रास्तही होता. त्या आनंदात एका गोष्टीकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. या बेंचच्या अधिकारक्षेत्रातील सहा जिल्ह्यांपैकी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे दर्याचे आहेत. ज्या करवीर नगरीत गलबत पाहायचे तर ते चित्रातच, तिथे यापुढे जाळ्यांचे, नौकांचे आणि सागरी हद्दीचे तंटे येऊन उभे राहणार आहेत.

मासे तर केव्हापासूनच येतात. फोंडा, करूळ, आंबा असे घाट चढून बर्फातली सुरमई आणि बांगडा कोल्हापूरच्या बाजारात उतरतो. आता त्या माशांमागची भांडणेही तोच घाट चढतील. ती न्यायालयापर्यंत का यावीत, हा विचार घाटमाथ्यावरच्या समाजानेही करायला हवा.

हा वाद समजून घ्यायचा तर आधी रापण समजून घ्यावी लागेल. मालवण, आचरा, वेंगुर्ल्याच्या वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही मासेमारी. होडी जाळे घेऊन किनाऱ्यावरून निघते, पाण्यात अर्धवर्तुळ घालून पुन्हा किनाऱ्याला लागते आणि मग दोन्ही टोकांचे दोर माणसे ओढत राहतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या हातांचा वाटा, सारे ठरलेले. दोराला हात लावणारा म्हातारासुद्धा रिकाम्या हाताने घरी जात नाही. रापण कुठे टाकायची, कोणी आधी टाकायची, याचे नियम त्या त्या गावच्या रापणकरांनी घातलेले; त्यासाठी मंत्रालयातून परिपत्रक यावे लागले नव्हते.

या रापणीसमोर आज पर्ससीन नौका उभी आहे. माशांच्या थव्याभोवती शेकडो मीटर लांबीची जाळ्याची भिंत घालायची आणि बटव्याची नाडी ओढावी तसा तळाचा दोर ओढायचा. बांगड्याचा वा तारलीचा अख्खा थवा पिल्लांसकट बंदिस्त. त्यात आता एलईडी दिव्यांची भर पडली. रात्री समुद्रात दिवस उजाडल्यासारखा प्रकाश पाडायचा आणि भुललेला मासा एका खेपेत उपसायचा. किनाऱ्यावर दोर ओढणाऱ्यांपर्यंत पोहोचायला मग उरतेच काय?

या प्रश्नाकडे शासनाने पाहिलेच नाही, असे कोणी म्हणणार नाही. भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेचे माजी महासंचालक डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश निघाला. परवानाधारक ४९४ पर्ससीन नौका टप्प्याटप्प्याने २६२ आणि अखेरीस १८२ वर आणायच्या, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवायचा, जाळ्याचा आस २५ मिलिमीटरपेक्षा लहान नसावा, असे त्यात ठरले. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्राने कृत्रिम प्रकाशातील मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये महाराष्ट्राने आपला १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा दुरुस्त केला. निवाड्याचा अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आला आणि एलईडीसाठीचा दंड वीस लाखांपर्यंत गेला. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनही घिरट्या घालू लागले. एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा मिळाला. कागदावर तरी महाराष्ट्राचा समुद्र सुरक्षित आहे.

मग मालवणच्या किनाऱ्यावरचा असंतोष का शमत नाही? जुलै २०१७ मध्ये तेथे एका लोकप्रतिनिधीने मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याच्या अंगावर मासळी फेकली. त्या कृत्याचे समर्थन कोणीही सुजाण माणूस करणार नाही. सरकारी सेवकावर राग काढून समुद्र भरत नसतो. पण मच्छीमाराला आपले म्हणणे ऐकवण्यासाठी मोर्चा, आरडाओरडा आणि कोर्टाची पायरी एवढेच मार्ग उरावेत, हे चित्र व्यवस्थेला भूषणावह खचितच नाही.

या सर्व उपायांत एक दोष समान आहे. समिती तज्ज्ञांची, आदेश सचिवांचा, दंड अधिकाऱ्याचा, नजर यंत्राची. ज्याचे पोट या पाण्यावर आहे त्याची भूमिका तक्रारदाराची, फार तर निवेदन देणाऱ्याची. १९८१ च्या कायद्यात सल्लागार समितीची सोय आहे. परंतु सल्ला मागणे आणि अधिकार देणे यांत फार मोठे अंतर असते, हे सरकारी कचेरीत एकदा तरी गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ड्रोनला नौका दिसते. ती कोणाची, कोणाच्या आशीर्वादाने आणि कोणत्या बंदराकडे चालली, हे किनाऱ्यावरच्या माणसाला दिसते. त्याची साक्ष कायद्याच्या बाहेर ठेवून कायदा चालवायचा, हा अट्टहास कशासाठी?

यावर तज्ज्ञांचे एक ठरीव उत्तर असते. समुद्र सर्वांचा, म्हणून प्रत्येकजण अधिकाधिक ओरबाडणार, मच्छीमारही माणूसच. अमेरिकन शास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरणाच्या शोकांतिकेचा हा सिद्धांत मांडला आणि जगभरच्या नोकरशाहीने तो डोक्यावर घेतला, कारण त्यातून निष्कर्ष तिच्या सोयीचा निघत होता. याच विषयावर आयुष्य वेचलेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जंगले, कालवे आणि किनारे प्रत्यक्ष तपासून दाखवले की, जिथे स्थानिक समाज स्वतः नियम करतो, स्वतः पहारा देतो आणि चुकणाऱ्याला चढत्या क्रमाने शिक्षा करतो, तिथे सामायिक संपत्ती शतकानुशतके टिकते. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. रापणकराला हे कळायला नोबेलची वाट पाहावी लागली नव्हती, पण आपल्याकडे परदेशी शिक्का बसल्याखेरीज घरचे शहाणपण खरे ठरत नाही!

नारळी पौर्णिमेचेच पाहा. शहरी माणसाला ती नारळीभाताची पौर्णिमा. किनाऱ्यावर ती बंदीची मुदत संपल्याची खूण आहे. पावसाळा हा अनेक माशांच्या विणीचा काळ; दर्या खवळलेला. त्या काळात होड्या वाळूवर ओढायच्या आणि दर्याला नारळ अर्पण केल्याखेरीज जाळे पाण्यात टाकायचे नाही, हा दंडक समाजाने स्वतःवर घालून घेतला आणि तो मोडण्याची कोणाची छाती नव्हती. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची सरकारी बंदी असते. श्रावणी पौर्णिमा ज्या वर्षी ऑगस्टमध्ये उशिरा येते, त्या वर्षी सरकारी मुदत परंपरेच्या आधीच संपते. म्हणजे समाजाचा संयम शासनाच्या संयमाहून लांब पल्ल्याचा होता!

उत्तर केरळच्या किनाऱ्यावर ‘कडक्कोडी’ नावाची सागरी न्यायव्यवस्था आहे. देवीच्या स्थानाशी निगडित ज्येष्ठ मंडळी मच्छीमारांचे तंटे ऐकतात आणि कोणते जाळे चालेल, कोणते नाही, हेही ठरवतात. नॉर्वेने लोफोटेनच्या कॉड मासेमारीचे नियम ठरवण्याचा अधिकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच मच्छीमारांना दिला. त्याच सुमारास, १८९७ मध्ये, इंग्रजांनी हिंदुस्थानासाठी मत्स्य कायदा केला. त्यात सुरुंग आणि विष यांच्यावर बंदी होती, मच्छीमाराला स्थान मात्र नव्हते. इंग्रज गेले, पण रयतेला विचारायचे नाही ही त्यांची रीत कचेऱ्यांतून गेली नाही.

मालवणनेच त्याचा सर्वांत कडू अनुभव घेतला आहे. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. प्रवाळ आणि सागरी जीव जपावेत, हा हेतू स्तुत्यच होता. पण ज्या पाण्यात शेकडो घरांच्या होड्या रोज उतरतात, त्या पाण्याची रेषा त्या घरांना विश्वासात न घेता आखली गेली. परिणाम व्हायचा तोच झाला. ज्या मच्छीमारांनी या अभयारण्याचे पहारेकरी व्हायचे, तेच त्याचे विरोधक झाले आणि ‘अभयारण्य’ हा शब्द किनाऱ्यावर भयाचा ठरला.

ज्या किल्ल्याभोवती हे घडले, त्या किल्ल्याच्या धन्याची रीत वेगळी होती. जंजिऱ्याच्या मोहिमेत पराक्रम गाजवणाऱ्या लाय पाटील या कोळी वीराला शिवछत्रपतींनी पालखीचा मान देऊ केला. दर्यावरच्या माणसाला पालखी काय कामाची, असे त्याने नम्रपणे सांगितले. तेव्हा महाराजांनी ‘पालखी’ नावाचे गलबतच बांधून देण्याची आज्ञा केली, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी करवीरच्या गादीच्या सेवेत रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र सिद्ध केले. त्यातील आरमाराच्या प्रकरणात जहाजांच्या लाकडाविषयी जे सांगितले आहे, ते आजच्या प्रत्येक सचिवाने वाचावे. अरण्यातील सागवान परवानगीने तोडावे, पण रयतेने लेकरासारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडे जबरीने तोडू नयेत. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. राज्याच्या आरमारासाठी सुद्धा एका झाडाच्या धन्याची संमती लागत होती. बावड्याच्या अमात्यांचा हा वारसा कोल्हापूरचा आहे. तो केवळ शाळेच्या निबंधापुरता उरावा काय?

सरकारी अनुवादात हल्ली ‘भागधारक’ असा एक शब्द आढळतो. मच्छीमार हे समुद्राचे भागधारक, त्यांना सहभागी करून घ्यावे, वगैरे. कोल्हापूरच्या ऊसकऱ्याला भागधारक म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. त्याच्याकडे कारखान्याचा शेअर असतो, मत असते, वार्षिक सभेत माईक हिसकावून घेण्याची धमक असते. या सभा ‘मंजूर-नामंजूर’च्या घोषणांत कशा गुंडाळल्या जातात तेही जिल्हा जाणतो; सहकार म्हणजे सत्ययुग नव्हे. तरीही गाळप केव्हा सुरू व्हावे यावर सभासद भांडू शकतो. मालवणच्या रापणकराच्या हाती असा कोणता भाग आहे? किनाऱ्यावर मच्छीमार सहकारी सोसायट्या आहेत, परंतु त्यांचे काम डिझेलचा परतावा, बर्फ आणि दाखले यांपुरते ठेवले गेले. नियम करण्याचा अधिकार त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

केरळच्या राज्यकर्त्यांच्या विचारसरणीशी या पानांच्या वाचकांचे जमणार नाही, हे खरे. तरी त्या राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त करून गाव, जिल्हा आणि राज्य अशा तीन स्तरांवर मत्स्य व्यवस्थापन परिषदांची तरतूद केली, ती घेण्यासारखी आहे. तेथील तारलीचे उत्पादन २०१२ मधील सुमारे चार लाख टनांवरून २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली आले होते. हवामानाचा त्यात मोठा वाटा असला, तरी संकट दारात आल्यावर मच्छीमारांना टाळून चालणार नाही, हे केरळला उमगले. महाराष्ट्राचे २०१९ चे सागरी उत्पादन सुमारे दोन लाख टनांवर, म्हणजे ४५ वर्षांतील नीचांकावर गेले होते. घंटा येथेही वाजली होती.

परिषदेत पर्ससीनवाल्यालाही बसवावे लागेल, यात शंका नाही. तोही याच मातीतला आहे, त्याच्याही डोक्यावर बँकेचे कर्ज आहे आणि त्याला तो परवाना शासनानेच दिला आहे. त्याला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे. नौका कमी करताना त्याच्या कर्जाचे आणि खलाशांचे काय, याचे उत्तर देणे कठीण. कठीण गोष्टी समोरासमोर बसूनच सुटतात.

बारा सागरी मैलांपलीकडचा प्रश्न केंद्राचा. १९९१ च्या खोल समुद्रातील मासेमारी धोरणाने परदेशी जहाजांना संयुक्त भागीदारीच्या नावाखाली दार उघडले होते. देशभरच्या मच्छीमारांनी १९९४ मध्ये बंद पाळले, आंदोलने केली. पुढे मुरारी समितीने त्यांच्या बाजूने कौल दिला. मच्छीमारांनी एकजुटीने देशाचा समुद्र राखल्याचे ते उदाहरण अभ्यासक्रमात यायला हवे होते. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या नव्या नियमांत अनन्य आर्थिक क्षेत्र परदेशी नौकांना बंद ठेवून मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य दिले आहे आणि एलईडीवरील बंदीही त्यात आहे. ही दिशा स्वागतार्ह आहे. परंतु दोनशे मैलांपर्यंत जो सहकार केंद्राला विश्वासार्ह वाटतो, तोच पहिल्या बारा मैलांत राज्याला का वाटू नये?

या व्यवहारात घाटावरचे ग्राहकही आलेच. २०२३ मध्ये पापलेट राज्य मासा ठरला आणि त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. त्याहून लहान पापलेट ताटात येत असेल, तर गुन्हा फक्त किनाऱ्यावर घडलेला नसतो. बाजारात ते परत करणारी एक गृहिणी गस्ती नौकेपेक्षा अधिक काम करील.

आणि कोल्हापूरला स्वतःचे पाणी आहेच. पंचगंगेत तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच अनेकदा पडला आहे. नमुने घेतले जातात, अहवाल जातात, नोटिसा निघतात. त्या पाहणीच्या पथकात नदीवर जगणाऱ्या भोई समाजाच्या माणसाला पहिल्या ओळीत बसवायला ना नवा कायदा लागतो, ना उच्च न्यायालयाचा आदेश. जिल्हाधिकाऱ्यांचे एक पत्र पुरेसे आहे.