निवांतपणा कोणी कोणाला द्यायचा?

दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले, की तुळजापूरची भवानी निजते. महिषासुराशी झुंजून देवी दमलेली असते. तिला सिंहासनावरून उतरवतात, नगरकडून पायी वाहून आणलेल्या पलंगावर निजवतात, आणि ती उठते ती कोजागरीला. या झोपेला श्रमनिद्रा म्हणतात. वर्षातून देवीच्या अशा तीन निद्रा असतात: एक घटस्थापनेपूर्वी, एक ही दसऱ्यानंतरची आणि तिसरी पौषात, शाकंभरी नवरात्राच्या तोंडावर. आमच्या मांजराकाठच्या कळंबात (चिंतामणीचे कळंब ते यवतमाळकडचे, हे नव्हे) ही हकीगत पोरासोरांनाही ठाऊक असते. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा देवी विसावा घेऊन नुकतीच उठलेली असेल.

देवी झोपते यात मला फारसे नवल वाटत नाही. राबणारा दमणारच. नवल वाटते ते तिला झोपू देतात याचे! मूर्ती हलवायची, पलंग आणायचा, सिंहासनावरची नेहमीची पूजा थांबवायची, हे सारे दुसऱ्यांनी करायचे. कोणी नवस फेडायला आलेला असतो, कोणाला परतीची गाडी गाठायची असते. पण देवी निजली म्हणजे निजली. प्रत्यक्ष जगदंबेचा विसावासुद्धा भोवतालच्या माणसांनी सांभाळला तरच पार पडतो. मग आपल्या घरातल्या अन्नपूर्णेची काय कथा?

“घटकाभर शांत बसायला मिळत नाही हो!” ही तक्रार आज पुण्या-मुंबईतच ऐकू येते असे नाही, तालुक्याच्या गावीही येते. कुकरची शिट्टी, शेजारचा दूरदर्शनसंच, लग्नसराईतला डीजे, आणि या सर्वांवर कडी करणारा खिशातला मोबाईल. बाहेरच्या गोंगाटाला निदान कायदा तरी आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मज्जाव केला. राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरचे शांतता क्षेत्र आखण्याची सोय केली. नियम पाळले किती जातात हा भाग निराळा. पण घराच्या उंबऱ्याआतले शांतता क्षेत्र कोणी आखायचे?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक लोक असे देतात, की ज्याला हवे त्याने पहाटे उठावे, मन आवरावे, मोबाईल दूर ठेवावा. उपदेश चांगला आहे, फक्त तो एकट्याच्या निश्चयावर सारा भार टाकतो. ज्यांचे मौन टिकले, त्यांच्याकडे जरा पाहू या.

गांधीजी सोमवारी बोलत नसत. आधी कामाच्या रगाड्यातून सुटका म्हणून हे मौन आले आणि पुढे त्याचे व्रत झाले. 2 जून 1947 हा सोमवार होता. फाळणीची योजना पुढाऱ्यांपुढे मांडली गेली तो हा दिवस. माउंटबॅटन यांच्या भेटीतही गांधीजी बोलले नाहीत; वापरलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूंवर लिहून त्यांनी आपले म्हणणे कळवले. निकडीच्या वेळी मोठ्या अधिकाऱ्यांशी बोलण्याची आणि आजाऱ्याची विचारपूस करण्याची सवलत त्यांनी व्रतात ठेवलेली होती, तरीही त्या दिवशी ती घेतली नाही. निश्चय त्यांचा, यात शंका नाही. पण सोमवार हा बापूंचा मौनवार, हे भोवतालच्या सर्वांना माहीत होते आणि मान्य होते, हेही विसरून चालणार नाही.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून विपश्यनेची शिबिरे भरतात. दहा दिवसांचे शिबिर, पहिले नऊ दिवस बोलणे बंद. मोबाईल, पुस्तक, लेखणी सारे बाहेर जमा करायचे आणि पहाटे चारला उठायचे. तिथून आलेली माणसे शांततेचे गोडवे गातात. पण त्या दहा दिवसांत त्यांची पोळीभाजी कोण करते? सेवेकरी करतात. पूर्वी शिबिर केलेली माणसेच पुढे सेवेला येतात. म्हणजे एकाच्या मौनासाठी दुसरा चुलीपाशी उभा राहतो आणि कधीतरी ही पाळी उलटते. मला तिथली ही देवघेव फार मोलाची वाटते.

अगदी अलीकडचे उदाहरण गावांचे आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठरवले, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घरोघरी दूरदर्शन आणि मोबाईल बंद. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरली आणि शाळा उघडल्यावरही मुले त्यातून बाहेर येईनात, हे त्यामागचे कारण. त्याच वर्षी आमच्याच जिल्ह्यातल्या, उमरगा तालुक्यातील जकेकूरवाडीनेही संध्याकाळचे दोन तास असेच राखायचे ठरवले. एकट्या मुलाला “मोबाईल ठेव” म्हटले की ते रडते. सगळ्या गल्लीने ठेवला की रडायचे कोणापाशी?

आता घरात येऊ. जुन्या घरात एकांत ठरवून दिलेला असे. आजोबा पूजेला बसले की त्यांना कोणी हाक मारत नसे. “सोवळ्यात आहेत” या दोन शब्दांचा केवढा दरारा! बायकांच्या वाट्याला पहाटेचे जाते येई. तिथे ती एकटी असे खरी, पण हात दळत असत. आणि महिन्याचे तीन दिवस ती बाजूला बसे. त्यात अपमान होता, आणि ती रूढी आपण टाकली हे उत्तम केले. परंतु तिच्याबरोबर त्या बाईचा हक्काचा विसावाही गेला, आणि त्याच्या जागी मानाने दुसरा ठेवायला आपण विसरलो.

आज तीन खोल्यांच्या घरात कोपरा असा कोणाचाच नसतो. म्हणून तर जो तो मोबाईलमध्ये तोंड घालतो. ते दर वेळी व्यसनच असते असे मला वाटत नाही. आडोसा मिळत नाही, तेव्हा माणूस तळहाताएवढ्या काचेमागे जाऊन बसतो. दुर्दैव इतकेच, की तिथेही चारशे माणसांची गर्दी असते आणि बाहेर यावे तो जास्तच दमून.

यातून वाट काढायची तर आधी एक गैरसमज दूर करावा लागेल. आपल्याकडे गप्प बसलेल्या माणसाला लगेच विचारतात, “का रे, काय झाले?” बाई गप्प असेल तर ती रुसली असेच धरून चालतात. याचे कारण, घरात आपल्या ओळखीचा असतो तो अबोला. अबोला दुसऱ्यावर उगारलेला असतो. मौन कोणावरच नसते. तेव्हा मौनाची वेळ आधी सांगून टाकावी, म्हणजे कोणाच्या मनात किंतू राहत नाही.

मग बाकीचे सोपे आहे. दिवसातला अर्धा तास एकेकाच्या नावे करावा. त्या वेळात दाराची घंटा दुसऱ्याने पाहायची, दूध उतू गेले तर दुसऱ्याने पुसायचे, आणि “माझा टॉवेल कुठे आहे?” हा राष्ट्रीय प्रश्न गिळून टाकायचा. त्या अर्ध्या तासात काय करावे? जप करावा, खिडकीबाहेर पाहावे, नाहीतर नुसते पडून राहावे. हिशेब मागू नये. पहिली पाळी मात्र जिला आजवर कधीच मिळाली नाही तिची. दहावीच्या मुलाला अभ्यासासाठी शांतता हवी म्हणून घर चिडीचूप होते. त्याच्या आईलाही ती हवी असेल, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

एक पथ्य मात्र सांगितले पाहिजे. शांतता सर्वांनाच सारखी मानवत नाही. कळंबात काय, बार्शीत काय, आज कित्येक घरांत म्हातारी माणसे दोघेच, नाहीतर एकटेच राहतात. मुले पुण्याला, नाहीतर त्याहून दूर. त्यांच्या घरात शांतता मुबलक आहे, नको तितकी आहे. एकांतातून मनाला येईल तेव्हा चार माणसांत परतता येते. एकटेपणातून परतायला घरात कोणी असावे लागते. अशा आईला मौनाचे महत्त्व सांगू नका. तिच्यापाशी बसा, तीच ती जुनी गोष्ट पुन्हा ऐका, आणि ऐकताना मोबाईल पालथा ठेवा.

दिवाळीत तर दोन्ही प्रकारची माणसे एकाच छपराखाली येतात: वर्षभर बोलायला कोणी नाही म्हणून वाट पाहणारी आजी, आणि चकलीच्या सोऱ्यापासून पाहुण्यांच्या अंथरुणापर्यंत एक क्षण उसंत नसलेली सून. एकीला बोलणे द्यायचे, दुसरीला गप्प बसणे. पाहुण्यांनी मनात आणले तर दोन्ही एकाच दुपारी साधते. यंदा भाऊबीजेला पाकीट द्या, साडी द्या, त्याला ना नाही. पण ओवाळून झाल्यावर बहिणीच्या हातातले तबक काढून घ्या, तिला आतल्या खोलीत पाठवा आणि दार ओढून घ्या. तासाभराने चहा घेऊन जा. चहा मात्र तुम्ही केलेला असावा.