खाटेवरून कामाला

आमच्या दादाची खाट केडगावच्या घरात खिडकीपाशी आहे. नगर-पुणे रस्त्यावरच्या गाड्या रात्रंदिवस त्याच्या कानावर असतात. नेप्तीच्या कांदा बाजारात एका आडतीवर तो पट्ट्या लिहायचा. नऊ वर्षांपूर्वी जिन्यावरून पडला, मणका दुखावला आणि कमरेखालचं अंग गेलं. हात चालतात, हिशेब तोंडपाठ. पण कामाचं त्याला कुणी विचारत नव्हतं.

भाचीकडे टोकियोला निघालो तेव्हा तो म्हणाला, “उद्याचं जग नीट बघ. मला सांगायचंय तुला.”

भाची निशी-कसाईत राहते. हा भारतीयांचा भाग. आपले अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये इथल्याच एदोगावा प्रभागाच्या सभागृहात निवडून गेले. एका सकाळी तिने मला तोयोसूहून युरिकामोमे गाडीत बसवलं. ही गाडी 1995 पासून चालकाविना धावते. सगळ्यात पुढच्या काचेशी बसून मी खाडी आणि उंच इमारती बघत राहिलो.

ओदाइबाच्या बाजूला मिराइकान हे विज्ञान संग्रहालय आहे. तिथे पृथ्वीचा भला मोठा गोल अधांतरी टांगलाय. दहा हजारांहून जास्त चौकटींच्या त्या पडद्यावर ढग सरकताना दिसतात. पुढे जवळपास वीस मीटर उंच गुंडाम उभा होता, कार्टूनमधला यंत्रमानव. सगळं डोळ्यांत मावेना. पण दादाला सांगावं असं मला दुपारी सापडलं.

निहोनबाशीत 2021 पासून ‘डॉन’ नावाचं कॅफे आहे. टेबलावर वीतभर उंचीचा पांढरा यंत्रमानव होता, ओरिहिमे. त्याने मान वळवली, हात हलवला आणि बाईच्या आवाजात आमचं स्वागत केलं. आवाज खराखुरा होता. ती बाई दूर आपल्या घरी अंथरुणावर होती. यंत्रातल्या कॅमेऱ्यातून ती आम्हाला बघत होती, आमच्याशी बोलत होती. हात हलत नाहीत असे काहीजण नुसत्या नजरेने यंत्र चालवतात.

हे बनवणारे केंतारो योशिफुजी स्वतः लहानपणी आजारपणामुळे सुमारे साडेतीन वर्षं शाळेला मुकले होते. त्यांचे सहकारी युता बांदा वयाच्या चौथ्या वर्षी अपघात झाल्यापासून अंथरुणाला खिळलेले. हनुवटीने संगणक चालवून ते काम करायचे. बांदा 2017 मध्ये गेले, कॅफे बघायला राहिले नाहीत.

टोकियोत तीन वाजले होते, म्हणजे केडगावात साडेअकरा. मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. ती बाई त्याला नमस्कार म्हणाली, भाचीने मराठीत सांगितलं. दादा बराच वेळ बघत राहिला. मग त्याने एकच विचारलं, “यांना पगार मिळतो का?”

मिळतो, म्हटलं.

“मग हे खरं काम.”

नऊ वर्षं आम्ही त्याला जेवण दिलं, औषध दिलं, टीव्ही लावून दिला. त्याला काय हवंय, ते त्या दिवशी कळलं. आणि त्यासाठी यंत्रमानव येईपर्यंत थांबायचीही गरज नव्हती. फोन तर त्याच्या उशाशीच होता.

परतल्यावर ओळखीच्या एका आडतदाराकडे गेलो. आता बाजाराच्या दिवशी पट्ट्यांचे फोटो दादाच्या मोबाइलवर येतात. हमाली, तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हाती किती, ते तो तपासून कळवतो. पहिला पगार आला त्या दिवशी त्याने वहिनीला केडगावच्या रेणुकामातेची ओटी भरायला पाठवलं. खण-नारळाचे पैसे स्वतःच्या उशाखालून काढून दिले.