कानाची साक्ष पुरेशी नाही

श्रवणभ्रमांची चर्चा निघाली की एक मत हमखास पुढे येते. भ्रम ऐकवला की झाले; तो कोणी शोधला, कधी शोधला, कुठे प्रसिद्ध केला, ही उठाठेव कशाला? कान सर्वांनाच आहेत, शंका असेल त्याने ऐकून पाहावे. हे मत मोकळ्या मनाचे वाटते खरे, पण ते या विषयाच्या मुळावरच येते. म्हणून त्याचे खंडन करायला हवे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांना १९७३मध्ये गवसलेला सप्तकभ्रम घ्या. ४०० आणि ८०० हर्ट्झचे दोन स्वर, म्हणजे षड्ज आणि त्याचा तार षड्ज, प्रत्येकी पाव सेकंद आळीपाळीने वाजतात. हेडफोनमधून उजव्या कानात वरचा स्वर पडतो त्याच क्षणी डाव्यात खालचा पडतो आणि पुढच्या क्षणी बरोबर उलट होते. दोन्ही कानांना दोन्ही स्वर मिळत असतात. तरीही उजव्या हाताने व्यवहार करणाऱ्या पुष्कळांना वरचा स्वर फक्त उजव्या कानात आणि खालचा फक्त डाव्यात, एकाआड एक ऐकू येतो. हेडफोन उलटे घातले तरी वरचा स्वर उजवीकडेच राहतो. डावखुऱ्यांच्या अनुभवात याहून अधिक विविधता आढळते.

आता ‘ऐकून पाहा’ म्हणणाऱ्यालाच विचारा, की काय वाजत होते? तो प्रामाणिकपणे उत्तर देईल आणि ते उत्तर चुकीचे असेल. शेजारच्याचे उत्तर वेगळे असेल आणि तेही चुकीचेच. प्रत्यक्षात काय वाजवले होते, हे १९७४च्या ‘नेचर’मधील डॉइच यांच्या शोधनिबंधात लिहिलेले आहे म्हणून कळते. जिथे साक्षीदाराचीच परीक्षा चालू आहे, तिथे त्याच्या साक्षीवर निकाल देता येत नाही. श्रवणभ्रमाला लेखी आधार इतर विषयांपेक्षा अधिक लागतो, तो याचसाठी.

दुसरा आक्षेप जुन्या संगीताचा दाखला देतो. १८९३च्या चायकोव्हस्की यांच्या सहाव्या सिंफनीच्या अखेरच्या भागात सुरावटीचे स्वर पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनवादकांत आळीपाळीने वाटलेले आहेत. दोघांपैकी कोणीच ती सुरावट पूर्ण वाजवत नाही, पण श्रोत्याला ती सलग ऐकू येते. मग स्वरांची अशीच वाटणी करून १९७५मध्ये मांडलेल्या स्वरश्रेणीभ्रमाचे श्रेय डॉइच यांना का? कारण परिणाम साधणे आणि तो सिद्ध करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. चायकोव्हस्कींनी रचना केली. डॉइच यांनी चढत्या-उतरत्या स्वरश्रेणीचे स्वर दोन कानांत विभागून श्रोत्यांना ऐकवले, त्यांचे अनुभव नोंदवले आणि कान जवळजवळच्या स्वरांचे गट बांधतो हे दाखवले. रचनेचे श्रेय संगीतकाराचे, शोधाचे श्रेय संशोधिकेचे. एक मान्य केल्याने दुसरे कमी होत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शोधकर्त्याच्या स्वतःच्या लेखनावर विश्वास का ठेवावा? उत्तर सरसकट देता येत नाही. शोध कसा लागला आणि काय वाजवले, याची पहिली साक्ष त्याचीच. परंतु भ्रम का होतो, या प्रश्नावर त्याचा शब्द अखेरचा नव्हे. सप्तकभ्रमात मेंदू ‘कोणता स्वर’ आणि ‘कुठून’ हे वेगवेगळ्या वाटांनी ठरवतो, असे डॉइच यांचे म्हणणे. चेंबर्स, मॅटिंगली आणि मॉस यांनी २००२मध्ये त्याला आव्हान दिले आणि डॉइच यांनी त्यावर प्रत्युत्तरही दिले. विश्वासार्ह लेखनात या वादाला जागा असते आणि त्याने शोधाच्या श्रेयाला बाधा येत नाही.

म्हणून आमचे प्रतिपादन असे: श्रेय देताना नाव, शोधाचे वर्ष, प्रसिद्धीचे वर्ष आणि प्रयोगाची रीत ही चारही अंगे सांगितली पाहिजेत. बोलण्याचे गाणे होणारा भ्रम पाहा. स्वतःच्या ध्वनिमुद्रित निवेदनातील एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहिला आणि तो गायल्यासारखा ऐकू येऊ लागला, हे डॉइच यांच्या लक्षात आले १९९५मध्ये. तो त्यांनी ध्वनिमुद्रित तबकडीवर (सीडीवर) प्रसिद्ध केला २००३मध्ये, आणि हेन्थॉर्न व लॅपिडिस यांच्यासह सविस्तर शोधनिबंध आला २०११मध्ये. तिन्ही वर्षे खरी आहेत; कोणते कशाचे, हे न सांगता एकच दिले तर खऱ्या आकड्यानेही वाचकाची दिशाभूल होते.

पूर्वसुरींचे ऋणही असेच नेमके सांगावे. अखंड चढत राहिल्यासारखे वाटणारे वर्तुळाकार स्वर रॉजर शेपर्ड यांनी १९६४मध्ये मांडले. त्याच जातीचे स्वर वापरून, सहा अर्धस्वरांच्या अंतरावरची जोडी एकाला चढती तर दुसऱ्याला उतरती वाटते, हे डॉइच यांनी १९८६मध्ये दाखवले. दोन्ही शोध एकाच्या नावावर घालणे म्हणजे दोघांवरही अन्याय. सहकाऱ्यांच्या बाबतीतही तेच. ओठांच्या हालचालीने ऐकू येणारा उच्चार बदलतो, हे १९७६मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी मिळून दाखवले, पण रूढ नावात उरले एकटे मॅकगर्क.

श्रेय म्हणजे केवळ सन्मान नव्हे. त्या नावामागून वाचक मूळ प्रयोगापर्यंत पोचतो, तो स्वतः करून पाहतो, चूक असेल तर दाखवतो. नाव पुसले की तपासण्याचा हा हक्क वाचकाच्या हातून जातो. म्हणून श्रवणभ्रमांवर लिहिणाऱ्याने, शिकवणाऱ्याने आणि ते ऐकवणाऱ्या प्रत्येकाने मूळ शोधनिबंध पाहूनच श्रेय द्यावे आणि आधार हाती नसेल, तर तो मिळेपर्यंत विधान करू नये.